घंगाळातले पाणी

पवित्र आठवड्यातील गुरुवारी सायंकाळी बंगळुरूच्या कॅथलिक मंदिरांतून एक विधी होतो. धर्मगुरू वरचे उपासनावस्त्र उतरवून गुडघे टेकतो आणि काही उपासकांचे पाय धुतो. विधीच्या नियमानुसार हे पाय पुरुषांचेच असावे लागत. २०१६ साली रोमच्या आदेशाने स्त्रियांनाही त्या रांगेत जागा मिळाली. विधी आटोपतो, वस्त्र पुन्हा अंगावर चढते आणि धर्मगुरू वेदीकडे परततो. सेवेचा तो क्षण आणि अधिकाराचा उरलेला काळ यांचे नाते काय, हा प्रश्न ख्रिस्तमंडळीइतकाच जुना आहे.

मराठीला या प्रश्नाची ओळख निराळ्या वाटेने झाली. दास्यभक्ती ही आपल्या संतपरंपरेची परिचित वाट. रामदासांनी ती नावातच धारण केली, तुकोबांनी पाइकाचे अभंग लिहिले. पण हे दास्य देवाचे आहे. वरच्याचे दास्य पत्करण्यात विनय असला तरी विपरीत काही नाही. ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याचे दास्य पत्करणे ही अधिक अवघड गोष्ट. तिचे चित्र मराठी मनाने एकाच ठिकाणी रंगविले : पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहणाऱ्या विठ्ठलाच्या कथेत. ख्रिस्ती उपदेशकाला हवा असलेला दृष्टान्त तो येण्यापूर्वीच येथे सिद्ध होता. पण तो फारसा कोणी उचलला नाही. उपदेशक आला तो 'पाळक' या शब्दासह. त्या शब्दात माया आहे, राखण आहे. परंतु कळपाला विचारून वाट ठरविणारा मेंढपाळ अजून कोणी पाहिलेला नाही.

१९१० साली बंगळुरूत युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज स्थापन झाले. अनेक प्रॉटेस्टंट मिशनांनी एकत्र येऊन भारतीय धर्मसेवक घडविण्यासाठी ते उभारले. त्याच वर्षी एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना बजावले, की तुमचा त्याग आणि दातृत्व आम्ही जाणतो, उणीव आहे ती मैत्रीची. १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप होऊन ते अँग्लिकन मंडळीतील पहिले भारतीय बिशप ठरले. या दोन घटनांच्या शेजारपणात त्या काळाचा सारा पेच दिसतो. शिक्षण मिळत होते, पदेही मिळू लागली होती. पण पगार देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर प्रार्थनेने भरून निघत नव्हते. जो स्वतःला सेवक म्हणवीत होता, त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली होती.

महाराष्ट्रात हा पेच ज्यांनी अंगावर घेतला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत ते कवी, उपदेशक आणि 'ज्ञानोदया'चे लेखक म्हणून वावरले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्या पुलाच्या पलीकडे त्यांना कचेरी भेटली. अखेर १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही कल्पना. 'दरबार' हा सत्तेचा शब्द त्यांनी जाणून निवडला असावा. दरबार एकाचा, बाकी सारे चाकर. मग चाकरांत वरचा-खालचा कोण? मे १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबाराचा विस्तार व्हायचा तो राहिलाच. म्हणून त्याला अपयश म्हणणे सोपे आहे. परंतु अधिकार सोडता येतो, हे एका माणसाने साठीच्या उंबरठ्यावर कृतीने दाखविले, याची नोंद यशापयशाच्या वहीत होत नाही.

टिळकांच्या बत्तीस वर्षे आधी पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न इंग्लंडात विचारला होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई चेल्टनहॅमला शिकत होत्या. १८८५ मध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंचे उत्तर असे, की स्वदेशातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्यास आपण तयार नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यात बंडखोरी आहे, पण तिचे पुढचे पान केडगावला लिहिले गेले. कलकत्त्यात १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू-ग्रीक अभ्यासून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि आणताना संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने दूर ठेवले; कारण मुक्तिसदनातील साध्या बायकांना ते समजायला हवे होते. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे कामही तेथील स्त्रियांनीच केले. १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. वाङ्मयीन डौलाच्या कसोटीवर ते भाषांतर उणे ठरेलही. परंतु जन्मभर जिच्यावर प्रभुत्व मिळविले ती भाषा दुसऱ्याच्या पायाशी बसण्यासाठी टाकून देणे, हे पाय धुण्याहून फार निराळे नाही.

तरीही सेवेचा हिशेब येथे पुरा होत नाही. तो लक्ष्मीबाई टिळकांनी मांडला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त टिळकांचे औदार्य घरातून पाहावयास मिळते : न सांगता निघून जाणे, होते नव्हते ते देऊन टाकणे, आणि उद्याची चूल कशी पेटावी हा प्रश्न बायकोकडे ठेवणे. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, हसतात. पण त्या हसण्यातून एक कठोर सत्य उभे राहते. जगाचा सेवक झालेला माणूस घरी धनीच असू शकतो, आणि त्याच्या त्यागाची किंमत दुसरे कोणी तरी मोजीत असते. मंडळीतील अधिकारावर मराठीत यापेक्षा प्रेमळ आणि यापेक्षा निर्दय टीका क्वचितच झाली असेल.

योहानाच्या शुभवर्तमानातील त्या रात्रीच्या वर्णनात एक तपशील सहज निसटून जातो. पाय धुण्यापूर्वी येशू स्वतः उठतो, स्वतः कमरेला रुमाल बांधतो आणि घंगाळात पाणीही स्वतःच ओततो. तयारी दुसऱ्याने करून ठेवलेली नाही. पुढे विधी झाला तेव्हा पात्र धरायला एक जण उभा राहिला, रुमाल द्यायला दुसरा. सेवा थोर झाली की तिला सेवक लागतात. श्रीखंड्याच्या कथेतही देवाने पाय धुतले की नाही, याला महत्त्व नाही. कावड त्याच्या खांद्यावर होती, याला आहे. धर्माधिकाऱ्याच्या नम्रतेची परीक्षा करावयाची असेल, तर तो कोणापुढे वाकला हे पाहून भागणार नाही. पाणी कोणी आणले, ते विचारावे लागेल.