शेंदूरजनाघाट आणि आज्याची दुसरी इयत्ता

अमरावतीहून मोर्शी, बेनोडा, जरूड करीत एस.टी. वरुडला येते. तिथून शेंदूरजनाघाट जवळच. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. वरुड तालुक्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात ते संत्र्यामुळे. आमचे गाव मात्र फळापेक्षा कलमांसाठी ओळखले जाते. आधी जंभेरीचे बी टाकून पन्हेरी करायची. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की हिवाळ्यात त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. मुळे जंभेरीची, फळ संत्र्याचे. सराईत माणूस दिवसाला शेकड्यांनी डोळे बांधतो. वाकून कंबर धरते ती वेगळी.

आमच्या वस्तीतली बरीच घरे याच कामावर चालत. त्यामुळे आमच्या शाळेला दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एक सुट्टी असे, डोळे भरायची. ती सरकारने दिलेली नव्हती. त्या दिवसांत मागचे बाक रिकामे राहत आणि गुरुजी सायंकाळी घरोघर फिरून पोरांना हुडकत.

मी पाचवीत होतो तेव्हा, ३० जुलै १९९१ रोजी, वर्धा नदीला महापूर आला. नदीकाठचे मोवाड गाव उद्ध्वस्त झाले, दोनशेवर माणसे दगावली. वर्गात कितीतरी दिवस तोच विषय. माझ्या बाकावरच्या सोबत्याने एक दिवस उभे राहून विचारले, "गुरुजी, शाळेचे कागदही वाहून गेले असतील, मग त्या पोरांची इयत्ता कोणती धराची?" आम्ही सारे हसलो. गुरुजी हसले नाहीत.

हा सोबती गणितात वर्गात पहिला. मी मधल्या रांगेतला. कोणीही सांगितले असते की हा साहेब होईल आणि मी डोळे बांधीन. १९९७ साली दोघेही दहावी पास झालो. अकरावीच्या हिवाळ्यात त्याचे वडील आजारी पडले, तो पन्हेरीवर गेला तो परत आलाच नाही. मी मात्र कसाबसा बी.कॉम. झालो आणि कारकुनाच्या जागेसाठी निवडलो गेलो.

निवड झाली, पण पडताळणी अडली. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. सन २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याने तर पडताळणी अधिकच काटेकोर झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कागदांवर कुठे बौद्ध, कुठे नवबौद्ध, कुठे जुनी जात असे लिहिले गेले. केंद्राच्या सवलतींत बौद्धांचा समावेश व्हायला तर १९९० उजाडले. एका कार्यालयाने मला तीनदा परत पाठवले. असो. शेवटी जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडले तेव्हा कालकथित आजोबांचे नाव सापडले. इयत्ता दुसरी. शाळा सोडण्याचे कारण, 'सतत गैरहजर'. आजा तेव्हा दुसऱ्याची ढोरे राखत होता. दोन पावसाळे शाळेत बसला, त्यावर नातवाची नोकरी पक्की झाली. आजा असता तर पोट धरून हसला असता.

सोबती इकडे शेकड्याच्या मजुरीवरून हळूहळू मक्त्याच्या जमिनीवर स्वतःची कलमे लावू लागला. त्याच्या गाड्या मध्य प्रदेशात, राजस्थानात जाऊ लागल्या. माझ्या पगारापेक्षा त्याची उलाढाल मोठी, हे तो मला हसत हसत ऐकवीत असे. मग २०१९ चा उन्हाळा आला. वरुड-मोर्शीकडच्या विहिरी आणि बोअर आटले, उभ्या बागा वाळल्या. त्याची कलमे वाफ्यातच राहिली. अजून तो त्यातून पुरता सावरलेला नाही.

त्याची मुलगी बारावी विज्ञानला आहे. बापासारखीच गणितात पुढे. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात पडताळणी हवी, आणि यांच्या घरात १९५० पूर्वी शाळेत गेलेला एकही माणूस नाही. शाळाच नाही तर रजिस्टर कुठले? गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "तू हेच काम करतं ना समाजात? ये मंग."

वाचकांपैकी ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या वऱ्हाडात पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत असे. ते कोतवाल बुक. त्यात बापाचे नाव आणि जात लिहिलेली असते, आणि त्याची नक्कल पुरावा म्हणून चालते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली कोणतीही नोंद पाहावी, फक्त आजा-पणजाच शोधत बसू नये. आत्या, चुलत आजोबा, सगळे.

वरुडला तहसिलीत आम्ही तिघे दोन दिवस बसलो. पाने इतकी जीर्ण की श्वासानेही हलत. तिथला शिपाई भला माणूस, त्याने खिडकीजवळ टेबल लावून दिले. सोबत्याची बोटे कलमे बांधून जाड झालेली, म्हणून पाने मुलगीच उलटवीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका ओळीवर थांबली. साल १९३८. गाव शेंदूरजना. बापाचे नाव सोबत्याच्या पणज्याचे, जात स्पष्ट. अपत्याच्या रकान्यात नाव नव्हते, नुसते 'मुलगी'.

सोबत्याने ती ओळ दोनदा वाचली. ही बाई घरात कोणाला ठाऊक नव्हती. लहानपणीच गेली असावी.

"बाबा, हे आपली कोण लागते?"

त्याने बोटांवर मोजले. "माह्या आज्याची बहीण." मग थोडे थांबून, "मायले विचारून पाहा लागन, तिनं काही आयकलं असन तं."

मुलीने वहीत साल, पान आणि अनुक्रमांक उतरून घेतला. नकलेचा अर्ज मी लिहिला, फी भरली, आठ दिवसांनी या म्हणाले. वरुडच्या स्टँडवर शेंदूरजन्याची गाडी लागलेलीच होती.