कोणते गायकवाड?

मराठी मालिकांचा विषय काढला की चळवळीतले मित्र हसतात. "ताई, तो बायकांचा टाइमपास आहे, सोडा." मला हे पटत नाही. मी काही सिनेमाची अभ्यासक नाही. दिवसभर फिल्डवर काम करायचं आणि रात्री जेवताना आईबरोबर जे लागलेलं असेल ते बघायचं, एवढाच माझा संबंध. पण संध्याकाळी सातनंतर आपल्या वस्तीत घराघरात जे चालू असतं, त्यावर आपण तोंडच उघडायचं नाही, हे कसं चालेल? आमच्या उचगावातल्या कितीतरी बाया गांधीनगरच्या कापड दुकानांत दिवसभर उभ्या असतात. घरी येऊन भाकरी थापून झाल्या की टीव्हीसमोरचा तासभर हीच त्यांची बसायची वेळ. त्यांना झापणं सोपं आहे. त्यांच्यासमोर काय वाढून ठेवलंय ते बघणं हे आपलं काम आहे.

गांधीनगर ओलांडून पुढे गेलं की वसगडे लागतं. 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण तिथल्या वाड्यात झालं. २०१६ ते २०२१, चार वर्षांहून जास्त ही मालिका चालली. राणादा आणि पाठकबाईंचा वाडा बघायला लोक गाड्या भरून यायचे. आमच्या वस्तीतलेही गेले. मालिकेत कोल्हापूरचं सगळं होतं. तालीम, ऊस, तांबडा-पांढरा, रांगडी भाषा. गावाच्या ज्या भागात आपण राहतो, तो भाग मात्र मला कधी दिसला नाही. पंचशील ध्वज नाही, विहार नाही, चौदा एप्रिलची मिरवणूक नाही. आणि हा जिल्हा कोणता? जिथे शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, जिथे १९२० साली माणगावची परिषद झाली, तो.

आता आडनावाकडे बघा. वाड्यातलं घराणं गायकवाड. गायकवाड आपल्यातही आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड कोण होते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच आपला गायकवाड भाड्याने खोली बघायला गेला की समोरून विचारतात, "कोणते गायकवाड?" टीव्हीवरच्या गायकवाडांना हे कुणी विचारत नाही. वाडा, शेती आणि घराण्याचा रुबाब बघूनच उत्तर मिळतं. बाकीच्या मालिकाही घ्या. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये गोखले, 'आई कुठे काय करते'मध्ये देशमुख, 'रंग माझा वेगळा'मध्ये इनामदार, 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये शिर्के-पाटील. कांबळे कुठे आहेत? कोल्हापुरातल्या शाळांच्या हजेरीपटावर कांबळे भरपूर सापडतील. मालिकेत सापडलाच तर हवालदार, नाहीतर शिपाई.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "करमणुकीत जात कशाला आणता?" अहो, आम्ही कुठे आणली? ती आधीच तिथे बसलेली आहे. आडनावात आहे, देवघरात आहे, मंगळागौरीत आहे, 'आपल्या घराण्याची रीत' या वाक्यात आहे. फक्त तिला जात म्हणत नाहीत, संस्कृती म्हणतात. 'रंग माझा वेगळा'चा विषय काळ्या रंगावरून होणारा भेदभाव. विषय चांगलाच. पण बघा, रंगावरून सून नाकारणारी सासू रोज रात्री दाखवता येते. जातीवरून नाकारणारी सासू का दाखवता येत नाही? एम.ए.ला असताना जॉर्ज गर्बनर वाचला होता. त्याने आणि लॅरी ग्रॉसने १९७६ मध्ये टीव्हीबद्दल मांडलं की पडद्यावरच्या काल्पनिक जगात ज्यांना जागा मिळते, त्यांचं समाजातलं असणं मान्य होतं. ज्यांना मिळत नाही, ते प्रतीकरूपाने पुसले जातात. हे कळायला मला वसगडेच्या पुढे जावं लागलं नाही.

जात खरोखर पडद्यावर आली की काय होतं? २०१६ च्या 'सैराट'चा हिंदी रिमेक 'धडक' २०१८ मध्ये आला. उदयपूरचे महाल झळकले, जात पुसट झाली. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपट जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणार होता. आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावं आणि पेशवाईचे उल्लेख बदलायला सांगितले आणि चित्रपट २५ एप्रिलला लागला. जोतिबा जातीविरुद्ध लढले, पण जातीचं नाव घ्यायचं नाही!

हा नुसता पडद्याचा प्रश्न नाही. आंतरजातीय विवाहाच्या सरकारी मदतीचे कागद विचारायला माझ्याकडे जोडपी येतात. मुलगी पहिली विनंती करते, "ताई, घरच्या पत्त्यावर काही पाठवू नका." तिच्याच भावकीच्या वरातीत 'झिंगाट' वाजलेलं असतं. गाणं सगळ्यांनी घेतलं, शेवट कुणी घेतला नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. आपल्या मालिका रोज लग्नंच लावतात. त्यांतलं एक तरी लग्न कांबळ्यांच्या घरी लागू द्या की.

माझं आपल्या लोकांनाही सांगणं आहे. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली, सागर देशमुख त्या भूमिकेत होते. आमच्याकडची म्हातारी माणसं मालिका लागली की हात जोडायची. मलाही भरून यायचं. पण आपली मागणी तिथेच संपते का? पडद्यावर एकीकडे महामानव आणि दुसरीकडे मार खाणारा दलित. यांच्या मधला साधा माणूस कुठे गेला? नागराज मंजुळेंनी 'सैराट'मध्ये प्रदीप बनसोडे उभा केला. हसवणारा, मित्रासाठी धडपडणारा. 'झुंड'मध्ये वस्तीतली आंबेडकर जयंती दाखवली. मला असंच हवंय. बौद्ध घरातली तलाठी मुलगी, तिची कटकटी सासू, रविवारची वंदना, बचत गटातली भांडणं. आपल्यालाही सामान्य असण्याचा हक्क आहे.

कोल्हापूरला हे अवघड नाही. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला, त्यात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी होता. शंभर वर्षांपूर्वी इथला सिनेमा कर्जात बुडालेल्या माणसाच्या झोपडीत गेला होता, आजची मालिका वाड्याच्या उंबऱ्यावरून खाली उतरत नाही.

तेव्हा मित्रांनो, टीव्ही बंद करा असं मी म्हणणार नाही. आज रात्री आईशेजारी बसा आणि विचारा, "आई, यातलं आपलं घर कोणतं?" ती काय म्हणते ते ऐका, मोबाइलवर लिहून घ्या. आपल्या तरुणांकडे कॅमेरे आहेत, गोष्टी तर घराघरात आहेत. विहारात महिन्यातून एकदा बसून त्या गोष्टी रचायला काय हरकत आहे?

जय भीम!