देवरी येथील मुकें पदक

नागपुराहून भंडारा, साकोली ओलांडून रायपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, छत्तीसगडच्या सीमेजवळ देवरी हें गांव लागतें. १९९९ सालापर्यंत तें भंडारा जिल्ह्यांत होतें. आतां गोंदिया जिल्ह्यांत आहे. सभोंवार सागाचें व मोहाचें रान. अशा ठिकाणीं फ्रान्सच्या रणभूमीची आठवण निघेल, अशी आम्हांस कल्पना नव्हती.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलों ते गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक. युद्धपदकें जमविण्याचा त्यांस नाद. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं आपली पेटी उघडली. पहिल्या महायुद्धांतील इंग्रजी पदकाची कड त्यांनीं आम्हांस दाखविली; तीवर शिपायाचा क्रमांक, नांव व पलटण कोरलेलीं होतीं. मग एका फ्रेंच 'क्रुआ द गेर'चें चित्र पुढें ठेवलें. कांशाचा क्रूस, त्यामागें एकमेकींस छेदणाऱ्या दोन तरवारी, हिरव्या फितीवर तांबड्या रेघा. फितीवर चांदणी असेल तर गौरव तुकडीच्या हुकुमांत झालेला, झावळी असेल तर सबंध सेनेच्या. हें पदक ८ एप्रिल १९१५ च्या कायद्यानें सुरू झालें. परंतु त्याच्यावर शिपायाचें नांव कोरण्याची चाल नव्हती. नांव असे तें सोबतच्या कागदावर.

"म्हणून कागद गेला कीं पदक मुकें झालें," असें म्हणून त्यांनीं शेजारची हकीकत सांगितली.

सातारकडून नोकरीनिमित्त येथें येऊन राहिलेलें तें कुटुंब. घरांतील आजींचे सासरे खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणींतून फ्रान्सला गेले होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं नव्ह शापेल येथें याच पलटणीच्या दोन कंपन्यांची भयंकर हानि झाली. सासऱ्यांचा क्रूस ट्रंकेंत होता. कागद वाळवीनें खाल्ला होता. नातवंडें तो विकावयास निघालीं. आमच्या यजमानांनीं क्रूस उलटून पाहिला. मागें १९१४-१९१५ हीं सालें. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे गेलें, तेव्हां सालें घरच्या सांगण्याशीं जुळतात. पण जुळणें म्हणजे पुरावा नव्हे.

असा क्रूस यजमानांच्या संग्रहांत नव्हता. तरी त्यांनीं तो घेतला नाहीं. आजींजवळ बसून त्या सांगतील तें उतरून घेतलें: सासरे तिकडच्या चिखलाविषयीं काय बोलत, दसऱ्यास फावड्याशेजारीं क्रूस ठेवून पूजा कशी करीत. तो कागद क्रूसासह जुन्याच फडक्यांत बांधून त्यांनीं आजींच्या हातीं दिला.

"मग आपल्या संग्रहाचें काय?" आम्हीं विचारलें.

"माझ्या पेटींत तो फ्रान्सचा एक क्रूस झाला असता. त्या घरीं तो मामंजींचा आहे."

नव्ह शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांचें थडगेंही ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलीं आहेत. जे परत आले, त्यांचीं नांवें मात्र घरच्या माणसांनींच राखावयाचीं.