मधोमध आणि खाली

अलास्काच्या क्रूझबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलंय (मावशी, ठाण्याची वहिनी आणि दोन ब्लॉगर मैत्रिणी), त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून टाकतेय. जहाज कोणतं, केबिन कुठली, कुठून निघायचं वगैरे. अर्थात मी लिहायला बसले की मूळ विषय बाजूला राहतो, हे तुम्हाला आता सवयीचं झालंय!

तर झालं असं. २०२२ मध्ये बाबा गेले. डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं आणि आईचे सहा महिने दादाकडे ठाण्याला, सहा महिने माझ्याकडे सिअ‍ॅटलजवळ, असं आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती इथे असणार होती. वय ७६, गुडघे कुरकुरणारे. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. क्रूझ बरी. बॅग एकदा उघडायची, मग गावंच आपल्याकडे येतात.

मी एक्सेल उघडलं. नवरा म्हणाला, "झालं, आता महिनाभर जेवण वेळेवर मिळायचं नाही." मी दुर्लक्ष केलं.

पहिला प्रश्न, निघायचं कुठून? आम्ही राहतो तिथून सिअ‍ॅटलचं बंदर तासाभरावर. सोपं उत्तर! पण नकाशा नीट बघितल्यावर कळलं की सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजं बहुतेक वेळा व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकूवरहून निघालं तर बेट आणि किनारा यांच्या मधल्या शांत पाण्यातून वर जाता येतं. तिथेही बेट संपल्यावर काही तास उघडा समुद्र लागतोच, पण तेवढाच. शिवाय १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात, आणि बऱ्याचदा तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. म्हणजे कॅनडा दोन्हीकडे आहेच. आईच्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा काढायचा म्हणजे काढायचा. तो आधी काढा, तिकिटं नंतर. आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, तेही बघून घ्या.

दुसरा प्रश्न जहाजाचा. चार हजार माणसांची जहाजं असतात, त्यांच्यावर घसरगुंड्या काय नि काय. पण मोठं जहाज म्हणजे लांबलचक बोळ. केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत चालून गुडघा बोलायला लागतो. आम्ही दोनेक हजार माणसांचं मध्यम जहाज घेतलं. दुसरं म्हणजे ते ग्लेशियर बेमध्ये जाणारं होतं. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना सोडतात, त्यामुळे हे नाव कार्यक्रमात लिहिलंय का ते आधी तपासायचं. नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलं असेल तर कुठली हिमनदी ते विचारा. आणि प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं की लांब नांगर टाकून लहान बोटीने नेतात, हेही विचारा. गुडघेवाल्यांसाठी हा प्रश्न फार मोठा आहे.

आता केबिन. इथे माझी गाडी अडली. आत, खिडकी, बाल्कनी, कितवा मजला... वरच्या पोहण्याच्या तलावाखालची खोली नको, पहाटे खुर्च्या सरकवतात. नाटकघराच्या डोक्यावरची नको. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात, त्या नकोत. 'केबिन आम्ही ठरवू' अशी स्वस्त तिकिटं मिळतात, ती तर आईसाठी नकोतच. तीन रात्री जागून मी नवव्या मजल्यावरची बाल्कनीची केबिन पक्की केली. मी, नवरा आणि आई, तिघं एकत्र. तिसरा बिछाना सोफ्याचा. आई बाल्कनीत चहा पीत समुद्र बघतेय, असं चित्रही मनात काढून झालं.

पैसे भरायच्या आधी सहज तिला स्क्रीन दाखवला. तिने चष्मा लावून जहाजाचा नकाशा बघितला आणि म्हणाली, "इतक्या वर कशाला गो? मधोमध आणि खाली घे."

मी बघतच राहिले. आई मालवणची. लहानपणी मुंबईहून कोकण बोटीने गावी जायची. "आजी वळकटी नेहमी मधोमध टाकायची," ती सांगायला लागली. "पुढे टाकली तर बोट आपटते, मागे टाकली तर इंजिनाची धडधड. वरच्या डेकवर वारा छान, पण पोटसुद्धा तिथेच जास्त ढवळतं." मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर उतरवायचे. पडावात पाय टाकताना आजी तिचा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे. "ते तुझं लहान बोटीचं विचारलंस का?" तिने विचारलं. विचारलं होतं म्हणा. पण तीन रात्रींचं माझं एक्सेल तिने एका वाक्यात उरकलं होतं.

मग म्हणाली, "आणि मला वेगळी खोली घे."

मी म्हटलं, "अगं, एकट्या माणसालासुद्धा दोघांचं भाडं पडतं." हे खरंय. क्रूझचे दर दोघांमागे लावलेले असतात, आणि एकट्यासाठीच्या लहान केबिन काही जहाजांवर असतात, पण आमच्या तारखेला त्या शिल्लक नव्हत्या.

"पडू दे. माझ्या पेन्शनमधून दे."

मला लागलं, खोटं कशाला बोलू. आमच्यात राहायला नकोय का हिला? चेहऱ्यावर दिसलं असणार. आई शांतपणे म्हणाली, "ठाण्याला मी नातीच्या खोलीत झोपते. इथे तुझ्या ऑफिसच्या खोलीत. तुझी सातची मीटिंग असली की साडेसहाला पांघरुणाची घडी करून बाहेर येते. तुम्ही सगळे खूप करता, माझी तक्रार नाही. पण सात रात्री मला कोणाच्या खोलीत झोपायचं नाही."

मी गप्प बसले. दोन वर्षं मला वाटत होतं की आई लवकर उठते कारण तिला झोप येत नाही.

चौथ्या मजल्यावर, मधोमध, मोठ्या खिडकीची केबिन घेतली तिला. शेजारची आम्हाला. बाल्कनी गेली.

प्रवासाबद्दल थोडक्यात. केचिकनला वर्षाला सुमारे १५० इंच पाऊस पडतो, दुकानदार मोठ्या कौतुकाने सांगत होता. आईने "मग आमच्याकडे या एकदा जुलैत" असं मराठीतच सुनावलं. स्कॅगवेहून १८९८ ते १९०० मध्ये बांधलेल्या अरुंद रुळांच्या गाडीत बसलो, तिला माथेरान आठवलं. ग्लेशियर बेमध्ये रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७९४ मध्ये ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती, आता जहाज सुमारे शंभर किलोमीटर आत जातं. सगळे वरच्या डेकवर थंडीत कुडकुडत होते. मी आईला बोलवायला खाली गेले. दार वाजवलं. हो, वाजवलं! ती शाल पांघरून खिडकीत बसली होती. "ये, बस," म्हणाली, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तशी. मी बसले. दोघी बर्फ बघत राहिलो.

परत आल्यावर दादाचा फोन आला, डोंबिवलीच्या भाडेकरूचा ११ महिन्यांचा करार संपतोय, वाढवायचा ना? मी म्हटलं, आईला विचार. तिने नाही सांगितलं. आता ती वर्षातले बरेच महिने तिच्या घरी असते. आम्हाला काळजी वाटते, ती आमची.

असो. तर मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: व्हँकूवरहून निघ, मधोमध आणि खाली घे. पण आधी काकांना विचार, त्यांना काय हवंय ते.