ड्राफ्ट वटला का?

पाच मिनिटांत माणूस ओळखणारे लोक माझ्या माहितीत आजवर दोनच ठिकाणी होते. एक, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींत. आणि दुसरे, बँकेच्या कर्ज खात्यात. पहिले पोह्यांच्या चवीवरून संसाराचा अंदाज बांधतात, दुसरे अर्जदाराच्या चपलांवरून परतफेडीचा. अंदाज बरोबर की चूक हे कळायला दोन्हीकडे दहाएक वर्षं लागतात, आणि तोवर अंदाज बांधणाऱ्याची बदली तरी झालेली असते, किंवा तो निवृत्त होऊन सकाळी बागेत हास्यक्लबात हात वर करून हसत असतो. म्हणूनच या दोन्ही धंद्यांत जाणकारांचा तुटवडा कधी पडत नाही.

जाणकारांचं तिसरं माहेरघर मला भाच्याने दाखवलं. आमची ताई लग्न होऊन मेलबर्नला गेली ती तिथलीच झाली. तिच्या घरी अजून रविवारी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या होतात, पण भाच्याचा देव मात्र तिकडचा. त्याचं नाव फूटी. म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा माणसं, दुसऱ्या बाजूला अठरा माणसं, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबाजवळून गेला तरी एक गुण. थोडक्यात चुकणाऱ्यालाही काहीतरी देऊन घरी पाठवणारा हा खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडला. आमच्या गणिताच्या मास्तरांना तो माहीत असता तर माझ्या आयुष्याला वेगळं वळण लागलं असतं.

तर एका नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला. "मामा, आज ड्राफ्ट आहे!"

"किती रकमेचा? आणि कोणत्या शाखेवर?" मी सवयीने विचारलं.

मग त्याने मला जे समजावून सांगितलं त्याचा गोषवारा असा. दरवर्षी देशातले मोठे क्लब (सध्या ते अठरा आहेत) एकत्र जमतात आणि जेमतेम अठरा वर्षांची पोरं वाटून घेतात. निवडीचा क्रम उलटा. हंगामात जो तळाला राहिला त्याने पहिल्यांदा उचलायचं, जो अजिंक्य ठरला त्याने सगळ्यांच्या शेवटी. पंगतीत ज्याला काल जिलबी मिळाली नाही त्याला आज पहिल्यांदा वाढायचं, तसंच. ही पद्धत १९८६ साली सुरू झाली. त्याआधी व्हिक्टोरिया राज्यात मुलखाच्या वाटण्या होत्या. अमुक भागातला पोरगा तमुक क्लबाचा, हे आपल्या रेशनच्या दुकानासारखं पत्त्यावरून ठरे.

आमचा डिमांड ड्राफ्ट आणि त्यांचा ड्राफ्ट यात फरक एवढाच, की आमच्या ड्राफ्टचे पैसे आधी भरलेले असतात आणि तो तीन महिन्यांत वटवावा लागतो. त्यांचा वटतो की परत येतो हे कळायला दहा वर्षं जातात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडचे जाणकार प्रत्येक क्लबाला गुण देऊन मोकळे! पोराने अजून क्लबाचा सदरा अंगात घातलेला नाही, आणि क्लब मात्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

"मामा, तू बी.कॉम. आहेस ना? मग सांग, पोरं निवडण्यात आणि घडवण्यात कोणता क्लब चांगला हे ठरवायचं कसं?" भाच्याने विचारलं.

गेल्या वीस वर्षांत मला बँकेत "पासबुक कधी भरून मिळेल?" यापलीकडे कोणी काही विचारलेलं नाही. त्यामुळे मी हा प्रश्न फार मनावर घेतला. दोन महिने रोज रात्री जेवणानंतर जुन्या निवडींच्या याद्या काढून बसलो. बायकोला वाटलं, प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय. तिने दुधात बदाम घालायला सुरुवात केली. मीही गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

आता त्या बदामांतून निघालेलं ज्ञान सांगतो.

पहिली गोष्ट, माल पाहण्याआधी किंमत पाहावी. पहिल्या क्रमांकावर चांगला खेळाडू घेतला म्हणून क्लबाची पाठ थोपटणं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिटच्या तारणावर कर्ज दिलं म्हणून मॅनेजरचा सत्कार करणं. खरी अक्कल दिसते ती यादीच्या खालच्या अंगाला. १९९० साली जीलाँग क्लबाला पहिला क्रमांक मिळाला. त्यांनी उचललेला उंचापुरा गडी दोन डझन सामनेही खेळला नाही. त्याच वर्षी ७९व्या क्रमांकावर, म्हणजे सतरंज्या गुंडाळायच्या वेळी, एसेंडनने जेम्स हर्ड नावाचा पोरगा घेतला. तो २५३ सामने खेळला, दोनदा विजेत्या संघात होता आणि १९९६ साली त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक विभागून मिळालं.

किंमतीचं हे तत्त्व तिथल्या लीगलाही पटलेलं दिसतं. २०१५ साली त्यांनी प्रत्येक क्रमांकाचा भावच छापला. पहिल्या क्रमांकाचे ३००० गुण, दुसऱ्याचे २५१७, तिसऱ्याचे २२३४. हे २५१७ पाहून मला गहिवरून आलं. अडीच हजार म्हणून सोडून न देता वरचे सतरा ज्याने धरून ठेवले, तो माणूस नक्की आमच्यातला! हा भाव लागतो कशाला? तर तिकडे बाप-लेक असा एक नियम आहे. बाप एखाद्या क्लबाकडून शंभर सामने खेळला असेल, तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. पण दुसऱ्या क्लबाने बोली लावली की तेवढे गुण मोजायचे, त्यातही थोडी सूट. म्हणजे वारसाहक्क आहे, पण स्टॅम्प ड्यूटी भरून. आणि ड्यूटीत सवलतही आहे. असा सर्वधर्मसमभावी नियम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट, खातं लवकर बंद करू नये. २००१ सालचा ड्राफ्ट घ्या. हॉथॉर्नने पहिला घेतला ल्यूक हॉज, सेंट किल्डाने दुसरा ल्यूक बॉल, आणि वेस्ट कोस्टने तिसरा ख्रिस जड. जडने तिसऱ्याच हंगामात, २००४ साली, ब्राउनलो पटकावलं. २००६ साली अजिंक्यपदही मिळवलं. झालं! हॉथॉर्नला अक्कल शिकवणाऱ्यांची रीघ लागली. पुढे २००८ साली हॉथॉर्न जिंकलं, आणि २०१३, २०१४, २०१५ अशी ओळीने तीन वर्षं जिंकलं तेव्हा कप्तान कोण? ल्यूक हॉज. मग रीघ उलट्या दिशेने वळली. आणि हे पहिला की तिसरा असं भांडण चाललं असताना, त्याच ड्राफ्टमध्ये ८, १७, २४ आणि ४० या क्रमांकांवर जीलाँगने जिमी बार्टेल, जेम्स केली, स्टीव्ह जॉन्सन आणि बाप-लेक नियमातला गॅरी अ‍ॅब्लेट अशी चार पोरं गुपचूप पिशवीत घातली होती. २००७ साली जीलाँगने ४४ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं तेव्हा ही चारही पोरं मैदानावर होती. मंडईत सगळे हापूसच्या पेटीभोवती जमलेले असताना शेजारच्या टोपलीतून स्वस्तात पायरी नेणाऱ्या काकूंना मी मनातल्या मनात नमस्कार करतो, तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट, नुसते सामने मोजू नयेत. ज्या शाखेत माणसंच नाहीत तिथे कालचा आलेला पोरगाही तिजोरीची किल्ली सांभाळतो; म्हणून तो हुशार ठरत नाही. दुबळ्या क्लबात पोरांना सामने भराभर मिळतात, बलाढ्य क्लबात बाकावर बसावं लागतं. भाच्याचा लाडका क्लब कार्लटन. त्यांना २००५, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिला क्रमांक मिळाला. तिन्ही निवडी खोट्या नव्हत्या. तिघेही तिथे दहा वर्षांहून जास्त टिकले. पण १९९५ नंतर २०२५पर्यंत कार्लटनच्या घरी अजिंक्यपद आलं नाही. "देवघरात तीन तीन चांदीचे देव, पण घराला छप्पर नाही," असं मी भाच्याला म्हणालो. दोन आठवडे त्याने फोन केला नाही.

सिडनीकडच्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी या नव्या क्लबाचं तर विचारूच नका. त्याला बाळसं धरावं म्हणून २०११ साली पहिल्या चौदांपैकी अकरा पोरं त्यालाच मिळाली. एका बारशाला इतका आहेर कोणी पाहिला नसेल. पण पुढे त्यातली बरीचशी पोरं दुसऱ्या क्लबांकडे गेली, आणि २०१९ साली अंतिम सामना गाठला तो रिचमंडकडून ८९ गुणांनी हरले. कलमं लावली, खत घातलं, आणि आंबे शेजाऱ्याच्या अंगणात पडले.

इथवर माझा हिशेब झकास चालला होता. गाडी अडली ती भाच्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यावर. पोरगा चमकला तर श्रेय कोणाचं? निवडणाऱ्याचं की घडवणाऱ्याचं? आणि वाया गेला तर? निवडणारा म्हणतो, माल उत्तम होता, तुम्ही नासवला. घडवणारा म्हणतो, मुळात बीच किडकं. आमच्याकडे कर्ज मंजूर करणारे आणि वसुली करणारे नेमकं हेच एकमेकांना सांगत असतात.

बी.कॉम.ला आम्हांला जॉइंट कॉस्ट नावाचं एक प्रकरण होतं. एकाच कच्च्या तेलातून पेट्रोल निघतं आणि रॉकेलही. मग मूळ खर्चातला किती पेट्रोलचा आणि किती रॉकेलचा? पाच पद्धती शिकवल्या, पाचांची उत्तरं वेगळी. शेवटी सर म्हणाले, "परीक्षेत कोणतीही लिहा, पण एकच लिहा." निवड आणि घडण यांचं असंच आहे. दोन्ही एकाच पिंपातून निघतात.

आमच्या भरतीचंच पाहा ना. यादीत जो पहिला होता त्याला अशा एका शाखेत टाकलं, जिथे त्याच्या हाती जावक नोंदवही दिली आणि तीन वर्षं कोणी मान वर करून पाहिलं नाही. पोरगा मुळात फार तल्लख. आज तो "नियमात बसत नाही" हे वाक्य सात वेगवेगळ्या चालींत म्हणतो. प्रतीक्षायादीच्या अगदी तळाशी होता त्याला एक म्हातारे हेड कॅशियर भेटले. नोट बोटांना कशी लागली की खोटी समजायची ते त्यांनी शिकवलं, आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही की घाबरायचं नाही, चहा प्यायचा आणि पहिल्या बंडलापासून पुन्हा मोजायचं, हेही शिकवलं. तो आज आमच्याच शाखेच्या तपासणीला येतो. मी यादीच्या बरोब्बर मधोमध होतो आणि अजून तिथेच आहे. निवड आणि घडण या दोन्ही खात्यांचा ताळा बँकेत फक्त माझ्या बाबतीत जमला.

आणि हे दोन्ही रकाने भरून झाले तरी एक रकाना कोणीच आखलेला नसतो. टॉम बॉइड हा २०१३ सालचा पहिला क्रमांक. ग्रेटर वेस्टर्न सिडनीने घेतला आणि एका हंगामानंतर तो वेस्टर्न बुलडॉग्सकडे गेला. बदल्यात बुलडॉग्सचा खुद्द कप्तान आणि ड्राफ्टमधला सहावा क्रमांक द्यावा लागला. करार सात वर्षांचा, सुमारे सत्तर लाख डॉलरचा. वय वर्षं एकोणीस! पोराने गोल चुकवला की लोक लगेच भागाकार करत. मग २०१६ सालच्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल मारले आणि बुलडॉग्सना १९५४ नंतरचं पहिलं अजिंक्यपद मिळालं. भागाकार करणारे रस्त्यावर नाचले. आणि २०१९ साली, मनाच्या आजाराशी झुंजून थकलेला हा पोरगा, करार शिल्लक असताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी खेळ सोडून घरी गेला.

आता करा याचा ताळेबंद! क्लबाच्या वहीत हे खातं फायद्यात, कारण ६२ वर्षांनी आलेल्या अजिंक्यपदाची किंमत कोणता कॅशियर मोजणार? पण पोराच्या वहीत? अठराव्या वर्षी छातीवर क्रमांक लागला आणि तेविसाव्या वर्षी तो उतरवून ठेवावा लागला. त्या पाच वर्षांचं व्याज कोणत्या दराने लावायचं हे आम्हांला बी.कॉम.ला शिकवलेलं नाही.

भाच्याला मी शेवटी कळवलं ते एवढंच: ड्राफ्टच्या रात्री गुण देऊ नकोस, दहा वर्षं थांब. किंमत पाहून दे. आणि क्लबाला पूर्ण गुण देण्याआधी, जी पोरं चमकली नाहीत ती तिथून बाहेर पडताना कशी होती तेही बघ. जे क्लब ७९व्या क्रमांकाच्या पोरालाही पहिल्यासारखं शिकवतात, तिथेच असे ड्राफ्ट वटण्याचा संभव जास्त.

परवा आमच्या शाखेत नवा क्लार्क आला. बावीस-तेवीस वर्षांचा, शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचं मत झालं, की हा काही टिकत नाही, सहा महिन्यांत दुसरी परीक्षा देऊन पळेल. दुपारी जावक नोंदवही हातात घेऊन तो जागा शोधत उभा होता. मी शेजारची खुर्ची ओढली, वही खणात टाकली आणि त्याला आधी चहाला नेलं. रोकड कशी जुळवायची ते चहानंतर.