थिजलेली चित्रफीत

आमच्या आईवडिलांच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव १९९१ साली, नाताळानंतरच्या आठवड्यात, वाडीतल्या मांडवात साजरा झाला. त्या काळी वसईच्या आळ्यांतून व्हिडिओ शूटिंगचा प्रघात नुकताच रुळू लागला होता. खांद्यावर अवजड कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्यामागे दिवा व वायर सांभाळणारा एक पोऱ्या, अशी ती जोडी सकाळच्या कृतज्ञतेच्या मिस्सेपासून रात्रीच्या जेवणावळीपर्यंत आमच्या मागेपुढे वावरत होती. पुढे महिनाभराने एक काळी कॅसेट घरी आली. तिच्यात दोन तासांचे चित्रण होते आणि त्या दोन तासांत वडिलांचे सात मिनिटांचे भाषण होते. २००१ साली वडील देवाघरी गेले. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. आवाज मात्र त्या सात मिनिटांखेरीज अन्यत्र कोठेही नाही.

कॅसेट कपाटात राहिली, यंत्र भंगारात गेले. व्हीएचएस पद्धत जपानात १९७६ साली बाजारात आली आणि तिची यंत्रे बनविणारी शेवटची कंपनी फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. आम्हांस जाग आली ती २०२४ च्या मे महिन्यात, आईच्या एका वाक्याने. ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेली आई संध्याकाळची रोझरी संपल्यावर सहज म्हणाली, "त्यांचा आवाज कसा होता, ते मला हल्ली नीटसे आठवत नाही."

पुतण्याने कोठूनसे एक जुने यंत्र उसने आणले, ते आपल्या लॅपटॉपला जोडले आणि कॅसेट अथपासून इतिपर्यंत संगणकीय रूपात उतरवून घेतली. तासाला सुमारे १३ गीगाबाईट या हिशेबाने २६ गीगाबाईटची फाईल झाली. ती त्याने आमच्या घरच्या संगणकावर ठेवली व लॅपटॉपमधील जागा मोकळी केली. तिकडे कॅसेट गुंडाळताना फीत यंत्रात अडकली, चुरगळली आणि तुटली. तुटली तेव्हा आम्ही हसलो. काम झाले होते ना! त्या हसण्याची आठवण पुढे आम्हांस बरेच दिवस बोचत होती.

उरले होते ते एकच काम. ती भलीमोठी फाईल आटोपशीर करायची, म्हणजे आईच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून ती पाहता येईल आणि परदेशी असलेल्या भावंडांनाही धाडता येईल. या कामासाठी हँडब्रेक नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. (नाव ऐकून आईने विचारले, "गाडी विकत घेतलीत की काय?") जुन्या फितीवरची खरखर गाळण्याचे कामही आम्ही त्याच्यावर सोपविले, म्हणून एकंदर पाच तास लागणार होते. आम्ही बटन दाबले आणि जेवायला बसलो. परतून पाहतो तो पडदा जागच्या जागी थिजलेला. माऊस हलेना, घड्याळाचा आकडा वीस मिनिटांपूर्वीचा. शेवटी बटन दाबून धरून संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा तेच काम दिले. पुन्हा थिजला. असे चार वेळा घडले.

आमचा पहिला संशय फाईलवर गेला. तुटलेल्या फितीचा दोष फाईलमध्येच उतरला असेल, असे वाटून जीव खाली बसला. परंतु पुतण्याने एक साधा प्रश्न विचारला, "काका, दरवेळी एकाच जागी थांबतो का?" आम्ही पाहिलेच नव्हते! पाचव्यांदा आम्ही वही घेऊन बसलो. एकदा सहा टक्क्यांवर, एकदा अकरावर, एकदा चारवर. दोष फाईलमध्ये असता, तर गाडी दरवेळी त्याच खड्ड्यात अडकली असती. मग सॉफ्टवेअर बदलून पाहिले. दुसरेही तसेच थिजले. म्हणजे दोष फाईलचा नव्हे, सॉफ्टवेअरचाही नव्हे.

याच सुमारास आमच्या मनात एक विचार आला, आणि तो आधी का आला नाही याची आजही लाज वाटते. चालू संगणकाची वीज अशी सात-आठ वेळा तोडणे म्हणजे डिस्कवरील मजकुराशी खेळणे होय; आणि त्या डिस्कवर जगात एकुलती एक असलेली फाईल होती. त्याच संध्याकाळी ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. प्रत तयार होईपर्यंत आम्ही खुर्चीवरून हललो नाही. वाचकहो, असा प्रसंग आपल्यावर आला, तर दुरुस्ती मागाहून करावी, प्रत आधी करावी.

दुकानदाराने फोनवरच निकाल दिला : दहा वर्षांचा संगणक, नवा घ्या. दुसऱ्या एका हितचिंतकाने सर्व पुसून विंडोज नव्याने घालण्याचा सल्ला दिला. विंडोजच्या नोंदवहीत पाहिले, तर तेथे दरवेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी एकच नोंद होती. तिचा अर्थ इतकाच की, मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नाही. ते तर आम्हांसच ठाऊक होते, बटन आम्हीच दाबले होते!

मग असे का व्हावे? पत्रे लिहिताना, हिशेब करताना, यूट्यूबवर भजने ऐकताना हा संगणक कधी अडला नव्हता. नेमक्या याच कामात त्याला काय होत होते? त्याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्रपटलावर सेकंदाला २५ चित्रे येतात. संगणक प्रत्येक चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन पाडतो. ७२० बाय ५७६ बिंदूंच्या चित्रात असे १,६२० चौकोन होतात. मग एकेका चौकोनासाठी तो शेजारच्या चित्रांत शोध घेतो, की हा तुकडा तेथे कोठे आहे, किती सरकला आहे. सापडला, तर अख्खा तुकडा न साठवता फक्त सरकल्याची नोंद आणि उरलेला फरक तेवढा ठेवतो. मांडवाचा स्थिर पडदा त्यामुळे फुकटात जमा होतो. वाऱ्यावर हलणाऱ्या केळीच्या पानांसाठी मात्र त्याला घाम गाळावा लागतो. दोन तासांची चित्रे झाली १,८०,०००, आणि चौकोन झाले २९ कोटींवर. पत्र लिहिताना संगणक बहुतेक वेळ आपली वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. येथे मात्र त्याचे चारही गाभे तासन्तास, क्षणाचीही उसंत न घेता, पूर्ण भाराने राबतात. वर्षानुवर्षे झाकून राहिलेले दुखणे अशा श्रमातच वर येते.

प्रोसेसरचे तापमान दाखविणारे एक छोटे सॉफ्टवेअर चालवून आम्ही पुन्हा बटन दाबले. पंधरा मिनिटांत आकडा ९७ अंशांवर गेला. शंभराच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर काम सोडतो. बाहेर वसईचा मे महिना होताच. पण दोष केवळ उन्हाळ्याचा नव्हता. पेटी उघडली आणि आम्ही थक्क झालो. पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची जाड गादी बसली होती, आणि ती धूळ करडी नव्हे, चक्क काळी व चिकट होती. सौ.ने क्षणभर पाहिले आणि वर बोट दाखविले. संगणकाचे टेबल आम्ही दहा वर्षांपूर्वी घरातल्या अल्ताराखाली मांडले होते. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेच्या मेणबत्त्यांची काजळी त्याचा पंखा इमानेइतबारे आत ओढून घेत होता!

ब्रशने पाती स्वच्छ केली. प्रोसेसर आणि धातूची पाती यांच्यामध्ये एक लेप असतो. दोन पृष्ठभागांतील बारीक फटींत हवा राहू नये, हे त्याचे काम, कारण हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. तो लेप वाळून खडूसारखा झाला होता. खरवडून काढला, मटारच्या दाण्याएवढा नवा लावला, टेबल दुसऱ्या भिंतीशी नेले. तापमान ६८ अंशांवर स्थिरावले. आम्ही आईला सांगून टाकले, उद्या सकाळी पाहू.

रात्री, अडीच तासांनंतर, निम्मे काम झाले असता पडदा पुन्हा थिजला.

त्या रात्री आम्ही खरोखर हताश झालो. रोग सापडला म्हणून आनंद केला, आणि त्याच्यामागे दुसरा दडून बसलेला! दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या म्हणून ख्रिस्तसभेने असिसीच्या संत क्लारा यांना मानले आहे. आजारपणी अंथरुणावर असताना नाताळची मिस्सा त्यांना आपल्या कोठडीच्या भिंतीवर दिसली, अशी परंपरागत कथा आहे. त्या भिंतीला ना पंखा होता ना लेप, असा काहीसा अनादराचा विचार मनात आला आणि आम्ही दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणले. ते विंडोजशिवाय चालते आणि संगणकाच्या स्मृतीच्या एकेका घरात आकडे लिहून, तेच परत वाचून पडताळते. बोट घालून पाहिल्याखेरीज विश्वास न ठेवणाऱ्या संत थोमाची ही रीत. रात्रभर ते चालू ठेवले. पहाटे उठून पाहिले, तर पडद्यावर लाल ओळीच ओळी. स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पुन्हा तपासले, मग दुसरी. एक निर्दोष, दुसरी सदोष. सदोष पट्टी काढून ठेवली.

पण लगेच एक नवी धास्ती उभी राहिली. आम्ही केलेली प्रत याच बिघडलेल्या स्मृतीतून गेली होती. स्मृतीने एखादा अंक उलटा केला, तरी प्रत पूर्ण झाल्याचेच दिसते. तक्रार कोणी करीत नाही. म्हणून निर्दोष पट्टीवर संगणक चालवून दोन्ही फाईलींची अंकमुद्रा काढली. एक अंक जरी वेगळा असता, तर मुद्रा पार बदलली असती. दोन्ही मुद्रा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळल्या. मात्र लॅपटॉपवरून पहिल्यांदा जी फाईल आमच्याकडे आली, तिची मूळ प्रत आता कोठेच नव्हती. ती जशीच्या तशी उतरली होती की नाही, हे कोणी सांगावे?

काम पाच तासांत विनातक्रार पार पडले. २६ गीगाबाईटचे दीड झाले. रविवारच्या मिस्सेनंतर आईला टीव्हीसमोर बसविले. मांडव, बँड, दिवंगत मावश्या, आमच्या डोक्यावरचे तेव्हाचे केस, सारे तिने शांतपणे पाहिले. वडील माईकसमोर आले, घसा खाकरला आणि बोलू लागले. चौथ्या मिनिटाला चित्रात चार-दोन चौकोन चमकले आणि आवाजात 'टक्' झाले. फितीचा तो दोष की स्मृतीच्या पट्टीचा, हे आता कधीच कळणार नाही. नेमका तेथे एक शब्द गेला आहे.

"काय म्हणाले ते तेथे?" आम्ही आईला विचारले.

"माझे नाव घेतले," ती म्हणाली. "पुन्हा लाव."

आम्ही पुन्हा लावले. ही वार्ता आळीत पसरायला वेळ लागला नाही. सध्या आमच्या टेबलावर शेजाऱ्यांच्या अकरा कॅसेट आहेत. त्यांतल्या एकीवर पांढरी बुरशी दिसते आहे. ती आम्ही अजून यंत्रात घातलेली नाही.