गरिबांची शाळा श्रीमंतांची कशी होते? हॅरोचा धडा

खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांचा विषय निघाला की आम्हाला हमखास ऐकवलं जातं, "त्यांनी स्वतःच्या पैशांनी शाळा काढल्या, तुमचा हक्क कसला?" म्हणून लंडनजवळच्या हॅरो शाळेचा इतिहास मांडतो. चर्चिल आणि नेहरू शिकले ती ही शाळा.

ही शाळा कुणा राजाने काढलेली नाही. जॉन लायन या सधन शेतकऱ्याने १५७२ साली राणी पहिली एलिझाबेथ हिच्याकडून सनद मिळवली. हेतू होता गावातल्या मुलांना मोफत शिक्षण. पण नियमावलीत एक फट राहिली. बाहेरगावची मुलं फी घेऊन दाखल करायची मुभा शिक्षकाला होती. त्या फटीतून उमरावांची पोरं आली. शिकवायचे लॅटिन आणि ग्रीक. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या मुलाला त्याचा उपयोग काय? दार कुणी बंद केलं नाही, तरी गावची मुलं बाहेर पडली. गावकरी कोर्टात गेले, १८१० मध्ये निकाल विरोधात गेला. पुढे १८७६ मध्ये स्थानिक मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. नाव तिलाही जॉन लायनचंच! आज हॅरोची वर्षाची फी ५० हजार पौंडांच्या वर आहे आणि कागदोपत्री ती अजून धर्मादाय संस्थाच आहे.

तिथे हे वर्गाने केलं. इथे जातीला फटही लागली नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत महार विद्यार्थ्याला उघडपणे प्रवेश नाकारला गेला. आता भाषा सभ्य झाली आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे तुमच्यासाठी वेगळी शाळा आहे ना, तिथे जा. १८७६ चंच उत्तर! त्या महिन्यांत वस्तीत फॉर्म भरताना आयाबाया आम्हाला विचारायच्या, "दादा, मोठ्या शाळेचं नाव यादीत का नाही?" जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, ती लोक लढले म्हणून.

दात्याची इच्छा कितीही चांगली असो, ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांच्या हाती कारभार आणि कायदा नसेल तर ती हातची जाते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती आपल्या माणसांच्या हाती संस्था असावी म्हणून. त्यामुळे हा प्रश्न परक्यांना विचारून थांबू नका. फुले-आंबेडकरांचं नाव लावणाऱ्या आपल्या संस्थांनाही विचारा: शेजारच्या वस्तीतली किती मुलं तुमच्याकडे शिकतात, आणि फी किती घेता? उत्तर लेखी मागा.

जय भीम!